मांडणी वाजायची तेव्हा

आमच्या घरात भूकंप सगळ्यात आधी मांडणीला कळायचा. ताटांच्या कडा एकमेकींवर घासून बारीक किणकिण सुरू व्हायची, मग पेल्यांची रांग, मग वरचे पत्रे. आई भाकरी थापता थापता हात परातीतच थांबवायची, वर बघायची आणि किणकिण सरली की "गेला" म्हणून भाकरी तव्यावर टाकायची. पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या खोऱ्यातलं आमचं गाव. १९६७ च्या मोठ्या भूकंपानंतर पाच वर्षांनी माझा जन्म, त्यामुळे ११ डिसेंबरची ती पहाट मला फक्त ऐकून माहीत. पण १९८० च्या सप्टेंबरात पाठोपाठ धक्के आले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. भर पावसात गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली झोपलो होतो आम्ही. म्हैस मात्र निवांत रवंथ करत होती, हे पक्कं आठवतं.

गावात दगड म्हटला की काळा. जातं काळं, पाटा-वरवंटा काळा, उंबरा, देवळाच्या पायऱ्या, विहिरीचं बांधकाम, दातेगडाचा कडा, सगळं एका रंगाचं. शाळेत गुरुजींनी सांगितलं की महाराष्ट्र लाव्ह्यावर उभा आहे. ते "उभा आहे" मी फार मनावर घेतलं. पृथ्वीच्या पोटापर्यंत सगळा काळाच दगड असणार, आणि मांडणी वाजते तेव्हा तोच कूस बदलत असणार, अशी माझी समजूत. ती पुढे पंधराएक वर्षं टिकली, कारण ती तपासून बघावी असा प्रसंगच आला नाही.

प्रसंग आला तो पोटापाण्यामुळे. १९९६ साली मी बोअरवेलचे पंप विकायला लागलो. मुक्काम बेळगावात, आणि फिरती खाली गोव्यापासून पलीकडे धारवाड, गदग, चित्रदुर्ग, रायचूरपर्यंत. पंप विकणाऱ्या माणसाला बोअर चालू असताना तिथं थांबावं लागतं. पाणी किती फुटांवर लागलं, किती इंच आलं, त्यावर मोटर ठरते. त्यामुळे आयुष्याचे बरेच तास मी तमिळनाडूतल्या तिरुचेनगोडहून आलेल्या रिगच्या, म्हणजे बोअर मारायच्या, गाड्यांशेजारी, कॉम्प्रेसरच्या आवाजात, तोंडाला रुमाल बांधून काढले. जमिनीतून वर काय येतं याकडे बघत राहण्यापलीकडे तिथं दुसरा उद्योग नसतो.

घरचा क्रम मला पाठ होता: माती, मुरूम, मांजऱ्या, मग काळा कातळ, मध्येच एखादा लाल गेरूचा पट्टा, पुन्हा कातळ. बेळगावजवळच्या खानापूरच्या पुढे एका शेतात मात्र साठेक फुटांनंतर रिगमधून पांढुरकी धूळ उडायला लागली. मला वाटलं, चुनखडी लागली. रिगवरच्या पोरानं मूठभर चुरा पत्र्याच्या डब्यात धुतला आणि माझ्या तळहातावर ठेवला. तांदळाच्या कणीत काळे तीळ मिसळावेत तसा दिसत होता. "हार्ड, सार. बहुत हार्ड," एवढंच तो म्हणाला. शेताचा मालक मराठी. त्याला त्याचं काहीच नवल नव्हतं, कारण त्यांच्याकडे दगड असाच असतो. नवल मलाच. लोणच्याच्या एका रिकाम्या बाटलीत मी तो चुरा भरून घेतला. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

त्या दगडाचं नाव नाइस. पुस्तकी मराठीत पट्टिताश्म. पुढे गदगकडे तिसरा प्रकार भेटला. हिरवट-करडा, हाताला तेलकट, बोटांना चिकटणारा, आणि उन्हात धरला की अभ्रकाची चमकी दिसणारा. तो शिस्ट. त्याला मराठीत सुभाजा म्हणतात. पारिभाषिक शब्दांवर माझा फारसा लोभ नाही, पण हा शब्द मला आवडतो. कुणाच्या तरी मावशीचं नाव वाटतं, आणि अर्थही चोख आहे: जी सहज भागली जाते ती. शिस्टचा तुकडा नखानं उकलता येतो, पदर सुटतात. आमच्या धंद्यात मात्र सुभाजेचं नाव चांगलं नाही. नाइसला भेगा तरी असतात, भेगेत पाणी असतं. शिस्टमध्ये बोअर म्हणजे बऱ्याचदा जुगार.

पावसाळ्यात एकदा अनमोड घाटात गाडी पंक्चर झाली. रामनगर मागे पडलेलं, मोलें अजून खाली, आणि स्टेपनीतही हवा नाही. ड्रायव्हर येणाऱ्या ट्रकला हात करून चाक घेऊन गेला आणि मी दोन तास रस्त्याकडेच्या कापलेल्या दरडीसमोर उभा. पाण्यानं धुतलेला नाइस मी पहिल्यांदा अखंड बघितला. चिरोटा मधून कापला की पदर दिसतात ना, तसा. फिकट पट्टा, गडद पट्टा, फिकट, गडद, आणि मध्येच सगळे पट्टे एकदम वळून घडी घालून परत फिरलेले. दगडाला घडी पडते हे मला पटेना. बोट लावून एक घडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवली. चिरोट्याला घडी पडते ती मऊ कणकेला. हा दगडही कधीतरी तितका मऊ होता.

नंतर कळलं की त्याच घाटातल्या नाइसचं वय रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीनं काढलेलं आहे: ३४० कोटी वर्षं, मागेपुढे १४ कोटी. भारतातल्या सर्वांत जुन्या दगडांमध्ये त्याची गणना होते. एवढा आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून मी घरगुती हिशेब केला. आमचा काळा बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांचा. म्हणजे पुतणीची मुलगी, जिचा नुकताच पहिला वाढदिवस झाला, ती जर बेसाल्ट असेल, तर अनमोडचा दगड माझ्या वयाचा. ज्याला मी सगळ्याचं मूळ समजत होतो ते पाळण्यातलं पोर निघालं.

मग वाचायला लागलो. शिस्टच्या या दगडांना धारवाड हे नाव भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी दिलं, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. हे तेच फूट, ज्यांना १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगीन हत्यार सापडलं होतं. घोड्यावरून आणि पायी फिरून या माणसानं शिस्टचे पट्टे नकाशावर आखले. नकाशात ते विचित्र दिसतात: नाइसच्या फिकट मैदानावर उत्तर-दक्षिण ओढलेले हिरवे फराटे, कुठे रुंद, कुठे दोरीएवढे बारीक. गदगपासून थेट श्रीरंगपट्टणापर्यंत गेलेला चित्रदुर्गाचा फराटा त्यातला मोठा.

हे फराटे तिथं आले कसे, हा प्रश्न मला पंपापेक्षा जास्त गुंतवून गेला. थोडक्यात सांगायचं तर त्या काळी पृथ्वी आजच्यापेक्षा बरीच तापलेली होती. समुद्राच्या तळावर लाव्हा येई, थिजे, त्यावर पुन्हा लाव्हा, मग गाळ. पाणी मुरलेला हाच बेसाल्ट खोल दबून अर्धवट वितळला की त्यातून फिकट, सोडियमचा अंश जास्त असलेला रस निघे. तो थंड होऊन, पुढे दाबाखाली मळला जाऊन नाइस झाला. म्हणजे बेसाल्टच्या पोटातून नाइस आला, आणि आमच्याकडे अब्जावधी वर्षांनी त्याच नाइसवर पुन्हा बेसाल्ट सांडला. सासू-सुनेच्या नात्यात असते तेवढी गुंतागुंत यात आहे, त्यामुळे थोडक्यावरच थांबतो.

पण रुतण्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. लाव्हा जड. खालचा नाइस हलका, शिवाय उष्णतेनं मऊ. कापसाच्या गादीवर जड ट्रंक ठेवली की ती रुतते आणि बाजूचा कापूस वर फुगतो. तसंच इथं झालं. लाव्ह्याचे आणि गाळाचे जाड थर खाली रुतले, दोन्ही बाजूंनी नाइसचे आणि ग्रॅनाइटचे घुमट वर आले, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत ते थर चेंगरले, उभे झाले, तापले. त्यांच्यात क्लोराइट आणि हॉर्नब्लेंडसारखी हिरवी खनिजं तयार झाली. शिस्टचा हिरवा रंग तिथला. पुढे सगळ्या भूभागानं बाजूनं दाब खाल्ला तेव्हा फराटे आणखी आवळले गेले. शेवटी, सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी, या सगळ्यातून क्लोजपेट ग्रॅनाइटची शेकडो किलोमीटर लांबीची पट्टी उत्तर-दक्षिण वर आली. क्लोजपेट म्हणजे आजचं रामनगर, बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरचं. तिथले गोलमटोल डोंगर त्याच ग्रॅनाइटचे.

चित्रदुर्गाजवळ मरडीहळ्ळीला मी मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे म्हणे, तर बघू. बघायला काय, तर शेतांच्या मधोमध एक बुटका खडकाळ उंचवटा, त्यावर एकावर एक रचलेल्या उशांसारखे गोळे. लाव्हा पाण्याखाली बाहेर पडला की त्याच्या अंगावर लगेच साय धरते, आत मात्र तो पातळच असतो. साय फुटून पुढचा गोळा बाहेर येतो, खालच्या दोन गोळ्यांच्या खाचेत बसतो आणि बुडाशी शेपटी काढतो. वरची बाजू फुगीर, खालची शेपटीची. त्यामुळे सगळे थर उभे-आडवे झाले तरी वर कुठलं आणि खाली कुठलं हे उशी सांगते. जवळचा समुद्र तिथून दोनशेएक किलोमीटरवर, घाटापलीकडे. उन्हानं अंग भाजत होतं, जवळ प्यायला पाणी नव्हतं, आणि मी समुद्राच्या तळाशी उभा होतो. (तिथल्या एका शेतकऱ्यानं विचारलं, पॉइंट बघायला आलात का? त्याला माझ्याकडून बोअरसाठी पॉइंट काढून हवा होता. मी पाणाड्या नाही हे त्याला पटवताना घाम फुटला.)

सोन्याचं मात्र मला कधी विशेष वाटलं नाही. कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि २००१ मध्ये बंद झाली. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची चालू आहे. दोन्हीकडे सोनं शिस्टच्या फराट्यांतच. गरम पाणी भेगांमधून वर येताना गारेच्या शिरांमध्ये ते सोडून गेलं. तिथं पंप विकताना खाणीपेक्षा जास्त लक्षात राहिलं ते मस्की. १९१५ मध्ये सी. बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीतल्या इंजिनियरला तिथं एका खडकावर कोरलेला लेख सापडला, आणि त्यात "देवानंपिय", म्हणजे देवांचा लाडका, या बिरुदाच्या पुढे "असोक" हे नाव स्पष्ट होतं. तोवर माहीत असलेल्या लेखांमध्ये राजा आपलं नाव सांगत नव्हता. सोनं हुडकणाऱ्याला सम्राट सापडला. माझ्या फिरतीत मला असं काही सापडलं नाही, दोन बुडीत उधाऱ्या सोडल्या तर.

गोवा याच फराट्यांचं पश्चिमेचं टोक. डिचोलीच्या बाजूला जे लाल डोंगर खणले गेले, ज्यांची धूळ साखळीच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं आमच्या गाड्यांच्या काचांवर बसत होती, ते लोखंड समुद्रात विरघळलेलं होतं एके काळी. सूक्ष्म जीवांनी पाण्यात ऑक्सिजन सोडला तसं ते गंजून तळाशी बसलं, थरावर थर. सिंधुदुर्गात रेडीलाही तेच. कणकवलीजवळ जानवली-वागद्याला क्रोमाइट आहे. म्हणजे महाराष्ट्राचंही एक टोक आमच्या काळ्या दगडाबाहेर आहे, हे मला कोकणातला दगड जांभा म्हणूनच ओळखत असल्यामुळे उशिरा कळलं. आंबोलीचा घाट उतरताना आपण काळी घोंगडी संपवून खालच्या जमिनीवर पाय ठेवतो.

घोंगडीखाली काय आहे, हे किल्लारीनं पहिल्यांदा दाखवलं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यानंतर तिथं ६१७ मीटरचं बोअर घेतलं. ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला, थोडा गाळाचा थर लागला, आणि खाली अडीचशे कोटी वर्षांहून जुना दगड. मराठवाड्याच्या काळ्या मातीखाली धारवाडचा भाऊ झोपलेला.

आणि मग कोयना. धरणात पाणी साठायला लागलं १९६२ च्या सुमाराला, मोठा धक्का आला १९६७ मध्ये, ६.३ चा. त्यानंतर पाचहून मोठे वीसेक आले, बारीकसारीकांची गणती नाही. हे सगळे एका लहानशा टापूतच का येतात हे बघायला शास्त्रज्ञांनी धरणाच्या परिसरात ठिकठिकाणी बोअर घेतले. २०१७ मध्ये गोठणे गावात एक बोअर तीन किलोमीटर खोल गेलं. आमच्या धंद्यात हजार फुटांचं बोअर म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, जमिनीतून येवो न येवो. हे दहा हजार फूट. बेसाल्ट संपला १,२४७ मीटरवर. धरणाजवळ रासाटीच्या बोअरमध्ये ९३२ मीटरवर.

कराडजवळ हजारमाचीला यासाठी प्रयोगशाळा आहे. ओळखीच्या एकाच्या मागे लागून मी कोअर बघून आलो. कोअर म्हणजे बोअरमधून काढलेला दगडाचा अखंड दांडा, मनगटाएवढा. खोक्यांमध्ये खणाखणानं रांगेत ठेवलेले असतात, वर खोलीचे आकडे. पहिली खोकी बघताना काहीच वाटलं नाही. काळा दगड, पांढरे ठिपके, लाल पट्टा, काळा दगड. घरचंच. शेकडो मीटर घरचंच. आणि मग एका ठिकाणी काळा रंग थांबला आणि पुढे फिकट करडा पट्टेरी दगड सुरू झाला. अनमोडच्या दरडीसारखा. खानापूरच्या डब्यातल्या चुऱ्यासारखा. वय सुमारे २७० कोटी वर्षं. मध्ये ना वाळू, ना खडी, ना गाळ. किल्लारीत होता तेवढाही नाही. वरच्या आणि खालच्या दगडात २६० कोटी वर्षांचं अंतर. एवढ्या काळात त्या जमिनीवर कितीतरी डोंगर झिजले असतील, नद्या वाहून गेल्या असतील. शेवटी उरली ती सपाट भुई, आणि तिच्यावर लाव्हा येऊन थेट बसला. भूवैज्ञानिक अशा सांध्याला विसंगती म्हणतात.

मला हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. तिथं समजावणाऱ्यानं सहज सांगितलं की धक्के या काळ्या दगडात होत नाहीत. त्यांचं मूळ याच्या बरंच खाली, करड्या दगडातल्या जुन्या भेगांमध्ये. धरणातल्या पाण्याचा भार वरून, आणि भेगांमध्ये मुरलेल्या पाण्याचा दाब आतून. आधीच ताणलेली भेग तेवढ्यानं सरकते. पाणी आणि भेग. मी वीस वर्षं शेतकऱ्यांना तेच विकत आलो होतो. नाइसमध्ये पाणी दगडात नसतं, भेगेत असतं, हे वाक्य मी कन्नड, कोकणी आणि मोडक्या तमिळमध्येही सांगू शकतो. हॅमर भेगेत गेला की आवाज बदलतो, पोकळ होतो, आणि आम्ही सगळे खूश होतो.

म्हणजे खानापूरच्या त्या शेतात मी नाइसला पहिल्यांदा भेटलो हे खरं नव्हे. आमची ओळख आधीपासूनची. आई परातीत हात थांबवून वर पत्र्याकडे बघायची, तेव्हा तो खाली होता.

मागच्या श्रावणात गावी होतो. माझ्या तीन बाटल्या, काळ्या, करड्या आणि हिरवट चुऱ्याच्या, आता मांडणीच्या वरच्या फळीवर असतात, कारण बायको त्या बेळगावच्या घरात ठेवू देत नाही. रात्री अडीचच्या सुमाराला ताटांच्या कडा किणकिणल्या. पेले वाजले, बाटल्याही एकमेकींवर आपटल्या. मी उठून बसलो. आई अंधारात पलंगावरच होती, चौऱ्याऐंशी वर्षांची, डोळेसुद्धा उघडले नसावेत तिनं.

"निज रं," ती म्हणाली. "तिनाच्या आतलाच हाय."

मग कूस बदलता बदलता: "आन् त्या मातीच्या बाटल्या खाली ठिव. टकुऱ्यात पडत्याल कुणाच्या तरी."